फेसाळ लघवी, सुजलेले पाय आणि 'गरमी'

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना माझं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' फार होतं, ते काढलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे. एक सूचना आधीच देतो: हा भाग हेडफोन लावून ऐकायचा. हॉलमध्ये स्पीकरवर लावलात आणि तेवढ्यात आई चहा घेऊन आली, तर जबाबदारी माझी नाही.

मी डॉक्टर नाही हेही सांगून टाकतो. वालचंदमधून बीटेक केलं, पुण्यातल्या कंपनीचं काम माधवनगरच्या घरातून करतो. पण गेल्या वर्षी माझ्या एका मित्राच्या बाबतीत असं काही घडलं की मला किडनीवर वाचत बसावं लागलं. त्याची परवानगी घेऊनच सांगतोय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, त्यामुळे कमेंटमध्ये अंदाज लावत बसू नका.

बूट बसंना

मित्र माझ्याच वयाचा. जिम, क्रिकेट, सगळं व्यवस्थित. मे महिन्यात सुट्टीला गावाकडं आला आणि टपरीवर चहा पिताना म्हणाला, "भावा, बूट बसंना झालाय." मी हसलो. त्यानं पायमोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबून दाखवला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. सकाळी डोळ्यांखाली सूज यायची, लघवीला साबणासारखा फेस यायचा. घरच्यांचं निदान तयार होतं: जागरण, लॅपटॉप आणि बाहेरचं खाणं.

एका डॉक्टरांनी सूज उतरायची गोळी दिली. चार दिवस बरं वाटलं, परत सूज. मग लघवीची साधी तपासणी झाली आणि प्रोटीनसमोर तीन अधिकची चिन्हं आली. मग २४ तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करून तपासली. दिवसाला ६ ग्रॅम प्रोटीन बाहेर जात होतं. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी जातं. म्हणजे चाळीसपट.

किडनीच्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्यांची यादी लिहून दिली: साखर, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, ल्युपससाठी एएनए, आणि व्हीडीआरएल. रिपोर्ट आल्यावर त्यानं घरी नाही, मला फोन केला. आवाज पार बसलेला. "बाकी सगळं निगेटिव्ह आहे. पण व्हीडीआरएल पॉझिटिव्ह. लॅबवाल्यानं कुणाचा तरी रिपोर्ट माझ्या नावावर चिकटवलाय. मी किडनीसाठी गेलोय रे, आणि हे गुप्तरोगाचं काय काढलंय?"

खरं सांगतो, मलाही लॅबचीच चूक वाटली. पायाची सूज आणि गुप्तरोग यांचा संबंध काय? त्या रात्री मी वाचायला बसलो.

नाव गरमी, पण उष्णतेशी संबंध नाही

सिफिलीसला आपल्याकडे जुने लोक 'गरमी' म्हणतात. पुस्तकी शब्द उपदंश. या 'गरमी' शब्दानं बराच घोटाळा केलाय. अंगातली उष्णता वाढली की होतो असं समजून लोक सब्जा पितात, ताक पितात, वांगं बंद करतात. हा जिवाणूचा आजार आहे. ताकानं तो जात नाही.

सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात भावमिश्रानं त्याला 'फिरंग रोग' म्हटलंय, म्हणजे फिरंग्यांकडून आलेला. गंमत बघा, तिकडं युरोपात इटलीवाले त्याला फ्रेंच रोग म्हणायचे, फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणायचे आणि रशियन लोक पोलंडचा. हा आजार आपला आहे असं कुणीच कधी म्हटलं नाही. ती सवय अजून गेलेली नाही.

जिवाणूचं नाव ट्रेपोनेमा पॅलिडम. बुचाच्या स्क्रूसारखा वळणदार आणि इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. १९९८ साली त्याचा संपूर्ण जीनोम वाचला गेला: साधारण ११ लाख ४० हजार अक्षरं. टेक्स्ट फाइल म्हणून साठवलं तर एक एमबीच्या जरा वर. तुमच्या मोबाइलमधला गणपतीचा एक फोटो याच्यापेक्षा मोठा असतो. एवढ्याशा कोडवर हा प्राणी माणसाच्या शरीरात पंचवीस-तीस वर्षं काढू शकतो.

कसं? एक, त्याच्या बाहेरच्या आवरणावर प्रथिनं फारच कमी असतात, त्यामुळे आपल्या प्रतिकारशक्तीला पकडायला खुंटीच सापडत नाही. दोन, जी थोडी प्रथिनं आहेत त्यातलं एक तो सतत बदलत राहतो. शरीरानं ओळखपत्र तपासायला घेतलं की याचा फोटो बदललेला.

दुखत नाही, हीच अडचण

संसर्ग झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी (९ ते ९० दिवसांत कधीही) जिवाणू शिरला त्या जागी एक जखम येते. लिंगावर, योनीत, गुदद्वाराशी, कधी ओठावर किंवा तोंडात. ती बहुतेक वेळा दुखत नाही. योनीत किंवा गुदद्वारात असेल तर दिसतही नाही. आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते.

मित्राला आता आठवलं. जानेवारीत एक फोड आला होता. मेडिकलवाल्यानं मलम दिलं, फोड गेला. मलमाचं नाव झालं, पण ते न लावताही फोड जाणारच होता. जिवाणू मात्र तोपर्यंत रक्तात उतरलेला असतो.

मग काही आठवड्यांनी दुसरी पायरी येते. अंगावर पुरळ, विशेष म्हणजे तळहातावर आणि तळपायावर. ते सहसा खाजत नाही. सोबत कणकण, घसा दुखणं, गाठी, कधी डोक्यावरचे केस ठिकठिकाणी जाणं. मित्राच्या तळहातावर मार्चमध्ये तांबूस ठिपके होते. त्याला वाटलं जिममधल्या डंबेल्सची ॲलर्जी. हेही आपोआप गेलं.

आमच्या कामात एक अनुभव सगळ्यांना असतो. एरर येते, आपण काहीच करत नाही आणि ती गायब होते. नवखा माणूस खूश होतो. जुना माणूस घाबरतो, कारण कारण न सापडता गेलेली एरर परत येते, आणि येते ती भलत्याच ठिकाणी.

किडनीत नेमकं काय होतं

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. या चाळणीचं मुख्य काम म्हणजे पाणी आणि कचरा जाऊ द्यायचा, पण रक्तातली प्रथिनं आत ठेवायची.

सिफिलीसचा जिवाणू रक्तात फिरत असतो तेव्हा शरीर त्याच्या विरुद्ध अँटीबॉडी बनवतं. अँटीबॉडी आणि जिवाणूचे तुकडे एकमेकांना चिकटून गुठळ्यांसारखे पुंजके होतात. हे पुंजके गाळणीच्या भिंतीत साचतात. काही वेळा ते तिथल्या तिथे तयार होतात. त्यांना बघून शरीराची संरक्षण यंत्रणा आणखी चवताळते आणि त्या मारामारीत चाळणीची भोकं मोठी होतात. याला मेंब्रेनस नेफ्रोपॅथी म्हणतात. सिफिलीसमुळे किडनीला होणाऱ्या इजांमध्ये हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो.

म्हणजे इथं जिवाणू किडनी कुरतडत नाही. सर्व्हरवर हल्ला होतो, आपण प्रत्येक हल्ल्याची नोंद ठेवतो, नोंदींनीच डिस्क भरते आणि सर्व्हर बंद पडतो. तसं काहीसं.

चाळणी फाटली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून जायला लागतं. फेस त्याचाच. अल्ब्युमिनचं एक काम रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणं. ते कमी झालं, किडनी मीठही अडवून धरायला लागली, की पाणी झिरपून पायात आणि डोळ्यांखाली उतरतं. यकृत नुकसान भरून काढायला जोरात प्रथिनं बनवतं, त्या नादात कोलेस्टेरॉल वाढतं. रक्त गोठण्याचा धोकाही वाढतो. या सगळ्याला मिळून नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात.

दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. सिफिलीस झालेल्या प्रत्येकाची किडनी बिघडत नाही, हे क्वचित होतं. आणि प्रत्येक फेसाळ लघवीमागे सिफिलीस नसतो. मधुमेह, ल्युपस, कावीळ बी, काही औषधं, अशी बरीच कारणं असतात. मोठ्या माणसांतल्या मेंब्रेनस नेफ्रोपॅथीच्या बहुतेक केसेस शरीर स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध उठल्यामुळे होतात. तिथं कित्येकदा स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं महिनोन् महिने चालतात. सिफिलीसमुळे झालेली असेल तर मात्र पेनिसिलिन दिलं की ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते महिन्यांत बरी होते. म्हणून ती शंभर-दोनशे रुपयांची व्हीडीआरएल यादीत असते. ती करायला सांगणारा डॉक्टर तुमच्या चारित्र्यावर शंका घेत नाही. तो तुम्हाला नको असलेली औषधं टाळतोय.

बाकीचे अवयव

किडनी ही फक्त एक जागा झाली. जिवाणू रक्तातून सगळीकडे जातो.

यकृताला सूज येऊ शकते, रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज खूप वाढलेलं दिसतं आणि सगळे दारूबद्दल विचारत बसतात. हाडांच्या आवरणाला सूज आली तर रात्री नडग्या ठणकतात. डोळा लाल होतो, धूसर दिसतं. कानात आवाज येतो, ऐकू येणं अचानक कमी होतं. डोळा आणि कान यांना इजा आजाराच्या कुठल्याही टप्प्यावर होऊ शकते आणि उशीर केला तर ती कायमची राहू शकते.

मेंदूच्या आवरणाला किंवा रक्तवाहिन्यांना सूज आली तर तरुण वयात पक्षाघात होऊ शकतो. बऱ्याच वर्षांनी स्मृती जाते, स्वभाव बदलतो, चाल बिघडते. एकेकाळी वेड्यांच्या इस्पितळांत असे कितीतरी रुग्ण असायचे. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत हाच जिवाणू दाखवला, तेव्हा कळलं की हे 'वेड' म्हणजे संसर्ग आहे.

हृदयातून निघणारी महाधमनी, तिच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. त्याच सुजतात, भिंत कमजोर होते, फुगा येतो, शेजारची झडप गळायला लागते. हे सगळं संसर्गानंतर १० ते ३० वर्षांनी. पंचविशीतली चूक, पन्नाशीत छातीत. उपचार न केलेल्यांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश लोक या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचतात, असं जुन्या नोंदी सांगतात.

आणि गर्भवती बाई. आईकडून बाळाला संसर्ग झाला तर गर्भपात होऊ शकतो, बाळ मृत जन्मू शकतं किंवा आजार घेऊन येतं. पहिल्या काही महिन्यांतच किडनीमुळे अंगावर सूज आलेली बाळं असतात. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत ही टेस्ट करतात. वहिनीच्या फाइलमध्ये बघा, एचआयव्हीच्या शेजारी सापडेल.

हा आजार इतिहासजमा झालाय असं वाटत असेल तर एकच आकडा देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात १५ ते ४९ वयाच्या ८० लाख लोकांना तो नव्यानं झाला.

पारा, पिंपरी आणि आपली सांगली

पूर्वी या आजारावर पारा द्यायचे. युरोपातही, आपल्याकडे रसकापूर म्हणूनही. पारा स्वतःच किडनीच्या चाळणीला मेंब्रेनस प्रकारची इजा करतो. म्हणजे आजारातून वाचलेली किडनी औषधात जायची. 'गुप्तरोगावर रामबाण' अशी भिंतीवरची जाहिरात बघून आजही कुणी पुडी आणत असेल, तर तिच्यात काय आहे हे त्याला कुणी सांगत नाही.

१९४३ साली अमेरिकेत पेनिसिलिननं सिफिलीस बरा होतो हे दिसलं आणि खेळ पालटला. १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना. पिंपरीतून जाताना 'एचए'चा स्टॉप लागतो ना, तोच. आमच्यातले निम्मे आयटीवाले रोज त्याच्यासमोरून जातात.

औषध आलं, पण बोलणं आलं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, संततिनियमनावर आणि गुप्तरोगांवर मराठीत सरळ लिहिलं. त्यासाठी अश्लीलतेचे खटले झेलले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. नव्वद वर्षं होऊन गेली, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे बीटेक, पण 'व्हीडीआरएल' लिहायची कुणाची हिंमत नाही.

सांगलीत मात्र काही बायकांनी ही हिंमत आधीच दाखवलीय. १९९२ साली मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेनं सांगलीत वेश्याव्यवसायातल्या बायकांसोबत एचआयव्हीवर काम सुरू केलं. भाषणं द्यायला बाहेरचे तज्ज्ञ नाहीत, त्याच बायका कंडोम वाटणार, त्याच एकमेकींना समजावणार आणि दवाखान्यात घेऊन जाणार. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे 'व्हॅम्प'. 'संग्राम'चं ऑफिस माधवनगरातच आहे. मी शाळेत असताना त्या रस्त्यानं सायकलवरून जायचो आणि पोरं काहीबाही बोलून हसायची. मीही हसायचो. आता वाटतं, आमच्यापेक्षा त्या बायकांना आमच्या शरीराची जास्त माहिती होती.

टेस्ट आणि इंजेक्शन

व्हीडीआरएल एकटी पुरत नाही. दुसऱ्या काही आजारांत किंवा गरोदरपणात ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि अगदी सुरुवातीला खोटी निगेटिव्हही. म्हणून सोबत टीपीएचए करतात. मित्राची तीही पॉझिटिव्ह आली आणि लॅबच्या चुकीची आशा संपली.

व्हीडीआरएलच्या रिपोर्टवर १:८, १:१६, १:६४ असे आकडे येतात. सगळे दोनाचे घात, आपल्या ओळखीचे. रक्त किती पट पातळ केलं तरी टेस्ट पॉझिटिव्ह येते, ते हे आकडे सांगतात. मित्राचा होता १:६४. उपचारानंतर दोन पायऱ्या खाली आला, म्हणजे १:१६ झाला, की औषध लागू पडलं. टीपीएचए मात्र बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. ती बघून नंतर घाबरायचं नाही.

उपचार म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, कमरेत. पहिल्या वर्षातला आजार असेल तर एकदाच. त्याहून जुना असेल तर आठवड्याच्या अंतरानं तीनदा. मेंदू, डोळा किंवा कान यांत गेला असेल तर भरती होऊन १० ते १४ दिवस शिरेतून. पेनिसिलिनची ॲलर्जी असते, म्हणून हे दवाखान्यातच घ्यायचं. मेडिकलमधून आणून ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून घ्यायचं नाही. पहिल्या रात्री थंडी-ताप येऊ शकतो. मित्राला आला होता. एकदम मेलेल्या जिवाणूंवरची ती शरीराची प्रतिक्रिया असते, दिवसभरात उतरते.

सरकारी रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तपासणी, समुपदेशन, औषध, सगळं मोफत. १०९७ हा एचआयव्ही आणि गुप्तरोगांसाठीचा टोल-फ्री नंबर आहे, तिथं नुसतं विचारताही येतं. आजार संडासातून, टॉवेलनं किंवा एका ताटात जेवून पसरत नाही. कंडोमनं धोका बराच कमी होतो, पण जखम कंडोमच्या बाहेर असेल तर शून्य होत नाही. आणि एकदा बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडू शकतो. याची प्रतिकारशक्ती कायमची राहत नाही.

सगळ्यात अवघड फोन

इंजेक्शन दुखलं, पण ते दोन दिवस. त्याच्यापुढचं प्रकरण जड होतं. फेब्रुवारीत त्याचा साखरपुडा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, "तिलाही तपासावं लागेल. तुम्ही सांगा, नाहीतर समुपदेशकासमोर सांगा. पण सांगा." तो म्हणाला, "काहीतरी दुसरं कारण सांगून टेस्ट करून घेऊ का?" मी गप्प बसलो. मित्र म्हणून 'हो' म्हणावंसं वाटत होतं. पण तळहातावर ठिपके असतानाच त्याला सगळ्यात जास्त संसर्ग पसरवता आला असता, हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं. शेवटी म्हणालो, "तिच्या किडनीचा प्रश्न असता, तर तुला खोटं सांगितलेलं चाललं असतं का?"

त्यानं सांगितलं. काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांच्याकडे. तिची टेस्ट निगेटिव्ह आली, तरीही डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिनं इंजेक्शन घेतलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घेतलं. लग्न सहा महिने पुढं ढकललं. मोडलं नाही, पण विश्वास काही इंजेक्शननं परत येत नाही. त्याचा आकडा दोन पायऱ्या खाली यायला वेळ लागतोय.

किडनीचा मात्र आला. दीड महिन्यात सूज उतरली, तीन महिन्यांत लघवीतलं प्रोटीन जवळजवळ गेलं, सहा महिन्यांनी व्हीडीआरएल १:८. स्टेरॉइडची एक गोळी लागली नाही.

परवा त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. काकूंनी भाकरी वाढता वाढता मला सांगितलं, "बघ, मीठ बंद केलं आणि सूज गेली की नाही पोराची?" मित्रानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "गेली की काकू." आणि ताटातलं मीठ बाजूला केलं.

तुम्ही मात्र नुसत्या मिठावर थांबू नका. सूज आणि फेस असेल तर लघवी तपासा. आणि एखादा न दुखणारा फोड आपोआप गेला असेल, तर तो खरंच गेलाय का, हे एकदा रक्ताला विचारा. भेटू पुढच्या भागात.